पुढचा अंक

दादाच्या दहाव्याला भाट्याच्या किनाऱ्यावर पिंड मांडून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवेना. सुरूच्या झाडावर दोन बसले होते. खाली मात्र उतरत नव्हते.

"बोला हो कोणीतरी," गुरुजी म्हणाले. "इच्छा राहिलीय त्यांची."

काका पुढे झाले. "मुलीचं शिक्षण आम्ही बघू रे." काही नाही. "वहिनीला एकटं पाडणार नाही," चुलतभाऊ म्हणाला. काही नाही. "कलमांना खत घालू," असं मागून कोणीतरी म्हटलं, तेव्हा काकांनी वळून पाहिलं. "तो जन्मात कधी बागेत गेला होता काय?"

माझ्या मनात भलतंच होतं. दादा कोर्टात कारकून होता आणि पन्नाशीतही कॉमिक वाचायचा. एकच मालिका, खजिने शोधत फिरणाऱ्या पुरातत्त्वज्ञाची. शाळेत असताना आम्ही ती स्टँडवरच्या टपरीतून आणायचो. शेवटच्या अंकात नायक गुहेत खजिन्यापर्यंत पोचतो आणि मागे दगडी दार बंद होतं. पुढचा अंक आलाच नाही. तरी दादा कुठेही गेला की रद्दीच्या दुकानात डोकावून तो अंक विचारायचा. "सुटला असेल रे तो," मी म्हणायचो. दादा हसायचा. "खजिना सोडून बाहेर कशाला येईल? तुझ्यासारखा मास्तर आहे काय?"

हे चार माणसांत कसं बोलायचं? आणि बोलायचं तरी काय? अंक शोधतो म्हणू, तर तो छापलाच नसेल. नायक सुटला म्हणू, तर दादाला ते हवं होतं की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. मी हात जोडून पुटपुटलो, "दादा, तो बाहेर येतो. कसा, ते मी लिहितो." त्याच वेळी काका मोठ्याने मुलीच्या लग्नाचा शब्द देत होते. कावळा उतरला, भाताला चोच लावून उडाला.

घरी वहिनीने विचारलं, "भावजी, कशावर शिवला?"

"काका लग्नाचं बोलले त्यावर."

ती रडली, मग जरा शांत झाली. मी खोटं बोललो की खरं, ते मला अजून कळलेलं नाही. तरी शब्द दिलाय, म्हणून रोज वहीत लिहितो. दार उघडतं, एवढं जमलंय.

"काय लिहिता हो एवढं?" वहिनी चहा ठेवत विचारते.

"शाळेचं," म्हणत मी वही मिटतो.