आज किती पंप मारले?

ॲपमधला तो प्रश्न मी लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

घोड नदीच्या बाजूला, इनामगावच्या अलीकडे एका गावात आमच्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत सिमेंटचं बाकडं. मी तिथे नावं लिहून घेते, फाइली काढते, वजनं करते. कामाला लागले तेव्हा वाटलं होतं, इथे फारसं बोलावं लागणार नाही. मी बोलणारी नाही. कारेगावात वाढले, वडील रांजणगावच्या कंपनीत, शाळा इंग्लिश मीडियमची. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून गप्प राहायचे आणि गावात मराठी चुकेल म्हणून. दोन्हीकडे लोकांना वाटायचं, पोरगी शहाणी आहे.

मॅडमच्या ओळखीतल्या काही जणांनी दम्याच्या पेशंटसाठी मोबाइलचं एक ॲप केलं होतं. पेशंटने रोज घरूनच चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, प्लॅस्टिकच्या एका नळीत जोरात फुंकायचं आणि नळीवरचा काटा जिथे थांबेल तो आकडा भरायचा. ते सगळं इकडे दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर दिसायचं. बरा दिवस हिरवा, जेमतेम दिवस पिवळा, वाईट दिवस लाल. म्हणजे दम कोंडल्यावर धावत येण्याऐवजी, कोंडायच्या आधीच आम्हाला कळणार.

अडचण मराठीची होती. "आपत्कालीन श्वसनौषधीचा वापर आज किती वेळा केलात?" हा प्रश्न मॅडमनी मोठ्याने वाचला आणि मोबाइल माझ्याकडे सरकवला. "तुला इंग्रजी येतं ना? मग मूळ प्रश्न बघ आणि माणसांच्या भाषेत आण."

मी आठवडाभर बाकड्यावरची बोलणी ऐकली. ऐकायला मला जमतं. तिथे कुणीच श्वसन म्हणत नव्हतं. छाती भरती म्हणायचे, धाप लागती म्हणायचे, छातीत सू-सू वाजतंय म्हणायचे. आणि धाप लागल्यावर तोंडात मारायच्या निळ्या इनहेलरला सगळेच पंप म्हणायचे. "पंप मारला का?" "दोनदा मारला." मी लिहिलं, आज किती पंप मारले? चार शब्द. मॅडम खूश झाल्या. मी घरी जाऊन आईलाही सांगितलं, जे मी सहसा करत नाही.

त्याच आठवड्यात शेवंतीवाल्या मावशी आल्या. मी मनातल्या मनात त्यांना असंच म्हणायचे, कारण दर वेळी त्या वर्तमानपत्राच्या कागदात मूठभर शेवंती आणून माझ्या टेबलावर ठेवायच्या. वय चाळिशीच्या आत, पण दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घ्यायच्या. सोबत त्यांचे सासरे असायचे, आबा. आबांचा सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. आता घरी एकही मेंढी नव्हती, बागायती जमीन होती, पण खांद्यावरचं घोंगडं काही उतरलं नव्हतं. मावशींचे मिस्टर कंपनीत शिफ्टला जायचे, त्यामुळे रान या दोघांवरच.

तीस गुंठे शेवंती होती. मावशींचं माहेर दौंडकडचं, खुटबावचं. तिकडून जुन्या झाडांच्या बुडाशी फुटलेल्या काश्या पोत्यात भरून आणून त्यांनी स्वतः लावल्या होत्या. सासरी येऊन इतक्या वर्षांनी स्वतःच्या मनाने केलेली ती पहिली गोष्ट, हे त्यांनी मला वजनकाट्यावर उभ्या असताना सांगितलं होतं. वजनकाट्यावर लोक काहीही सांगतात.

"फुलांचा वास बाधतोय तिला, म्याडम," आबा म्हणाले. "फुलं आली तवापासनं छाती वाजती. दर महिन्याला छाती कोंडली की तुमची ती पांढरी गोळी खायची. बास झालं. शेवंतीत नांगर घालतो आन् ऊस लावतो."

"ऊस काय, समदीकडंच हाय की आबा," मावशी जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"मग तुला छाती पायजे का शेवंती?"

फुलांनी दमा वाढतो हे काही अगदीच खोटं नाही, म्हणून मॅडमनी आबांना खोडलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "फवारणी कोण करतं?"

"पोरगा करतो की," आबा म्हणाले.

मावशींनी पदर सारखा केला. मी ते पाहिलं. पण पदर सारखा करणं ही काही फाइलमध्ये लिहायची गोष्ट नव्हती.

"एक महिना ॲप भरा," मॅडम म्हणाल्या. "फुलंच बाधत असतील तर मीच सांगेन, काढून टाका."

"महिना म्हंजी महिना," आबा म्हणाले. "मग ट्रॅक्टर सांगणार."

मी मावशींना नळी दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "ही तर फुंकणीच की! मला चूल पेटवायला शिकवता व्हय ताई?" तेव्हापासून आमच्या दवाखान्यात त्या नळीला फुंकणीच म्हणतात. मिस्टरांचा जुना मोबाइल त्यांच्याकडे होता, काचेला तडा गेलेला. त्या तड्याच्या उजवीकडे हिरवं बटण, डावीकडे आकडे, असं मी त्यांना पाठ करून दिलं.

त्या मनापासून भरायच्या. एक दिवस चुकला नाही. पंपांच्या प्रश्नापुढे रोज शून्य. मग एके दिवशी बारा.

निळा पंप बारा वेळा म्हणजे काळजीची गोष्ट. मी लगेच फोन करायला हवा होता. पण फोन करायचा म्हटलं की मी टाळत राहते. मी स्वतःशीच अर्थ लावला, एक-दोन म्हणायचं असेल, म्हणून एक आणि दोन दाबलं. मॅडमनाही तसंच सांगितलं. पाठोपाठ लाल दिवस आले, ते आम्ही फुलांच्या नावावर टाकले. पुढच्या आठवड्यात दहा आलं. चुकून शून्य जास्त दाबलं गेलं असेल, मी म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात चौदा आलं, आणि चौदाला माझ्याकडे काही अर्थ नव्हता.

मी फोन लावला. पलीकडे वारा वाहत होता.

"मावशी, आज चौदा पंप मारले?"

"व्हय, चौदा. हात गळून गेलेत बघा."

"एवढे मारायचे नसतात मावशी!"

"मारायलाच लागत्यात ताई. न्हाईतर समदं जातंय."

"छाती कशी आहे?"

"भरली हाय. पण निम्म्यात सोडून कसं चालंल?"

मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आणि आबा दवाखान्यात हजर. मॅडमनी नाडी पाहिली, छाती तपासली, दोनदा तपासली. छाती वाजत होती, पण चौदा वेळा औषध ओढलेल्या माणसाचे हात थरथरायला हवेत, तसे थरथरत नव्हते.

"काल चौदा वेळा पंप मारलात?"

"व्हय."

"निळा?"

"न्हाई, पिवळा."

"पिवळा कुठला पंप दिला मी तुम्हाला?"

"तुम्ही कुठं दिला? घरचा हाय. बॅटरीवाला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे पाहिलं.

"अवो म्याडम, पाठीवरचा!" आबांना राहवलं नाही. "फवारायचा पंप. तीस गुंठ्याला बारा-चौदा लागत्यातच की."

शेतात औषध फवारतात त्या टाकीला पंप म्हणतात, आणि किती औषध मारलं हेसुद्धा पंपांवरच मोजतात, हे त्या दवाखान्यात फक्त दोघींना ठाऊक नव्हतं. एक मॅडम, आणि दुसरी मी, जिने प्रश्न माणसांच्या भाषेत आणला होता. बाहेरच्या बाकड्यावर हसू फुटलं. कुणीतरी ओरडलं, "अवो ताई, छातीत का रानात, तेवढं तरी लिवायचं!"

"मला वाटलं, तुम्हाला समजलंय फवारणीचं," मावशी मला म्हणाल्या, जसं काही चूक त्यांचीच होती. "म्हणून खरं-खरं लिवलं."

माझे कान तापले. मॅडमनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला. "म्हणजे तीन आठवड्यांची माहिती गेली."

"गेली ना?" आबांनी बंडीच्या खिशातून मोबाइल काढला. "मग महिना कशाला पुरा करायचा? फुलानंच हुतंय हे. ट्रॅक्टरवाल्याला सांगून टाकतो, सोमवारी ये."

मावशी उठल्या. त्यांनी येताना आणलेली फुलं माझ्या टेबलावर होती. त्यांनी कागदाचं एक टोक दुमडून नीट केलं, पुन्हा उघडं पडलं, पुन्हा दुमडलं. मी कॉम्प्युटरकडे पाहत होते, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आणि पाहता पाहता मला दिसलं.

"मॅडम, एक मिनिट."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आबांचं बोट मोबाइलवर थांबलं. मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"प्रश्न चुकला. पण फुंकणीचे आकडे चुकलेले नाहीत," मी म्हणाले. "हे बघा. बारा पंप मारले, दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशीही लाल. मग पिवळा, मग हिरवा. पुढच्या आठवड्यात दहा पंप. परत दोन दिवस लाल. आणि काल चौदा. आजचा लाल समोर बसलाय."

मावशी खुर्चीत परत बसल्या होत्या.

"मावशी, तोडा कधी कधी केलात?"

"सोमवारी, गुरवारी. फुलं काढून दौंडच्या बाजाराला धाडतो आम्ही."

"या गुरुवारी?"

"सकाळपासनं दिवस मावळंपर्यंत फुलांतच हुते."

"त्या दिवशी तीन आठवड्यांतला फुंकणीचा सगळ्यात मोठा आकडा आहे," मी म्हणाले. "फुलांत दिवसभर होत्या आणि हिरवं आहे. सोमवारीसुद्धा हिरवं. फुलं नाहीत आबा. पंप आहे."

मॅडम खुर्ची ओढून पडद्याजवळ आल्या. त्यांनी एकेक आकड्यावर बोट ठेवलं. मग आबांकडे वळल्या, रागावल्या मात्र नाहीत. "आबा, फवारणी पोरगा करतो म्हणाला होतात."

आबांनी घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "पोराची शिफ्ट असती. सून पाठीवर पंप घेती, हे चारचौघांत कसं सांगायचं?"

आबा पुढे वाकून पडद्याकडे बघत राहिले. त्यांना वाचता फारसं येत नव्हतं, पण लाल आणि हिरवं येत होतं. मग ते म्हणाले, आमच्याशी नाही, स्वतःशीच, "फवारलेल्या रानात आमी मेंढरं घालत न्हाई. आठ दीस न्हाई. माझ्या बापानंबी कवा घातली न्हाईत."

"आन् सून घातली," मावशी म्हणाल्या.

इतक्या हळू म्हणाल्या की बाकड्यावरच्यांना ऐकू येऊ नये. पण आलं. सगळ्यात आधी आबाच हसले, खोकून-खोकून हसले. "लई बोलाया लागली ही," ते म्हणाले आणि मोबाइल बंडीच्या खिशात परत गेला.

मॅडमनी नवा महिना आखून दिला. धाप लागो न लागो, सकाळ-संध्याकाळ रोजचा पंप, छातीचा, निळ्याहून वेगळा. फवारणी मिस्टरांनी सुट्टीच्या दिवशी करायची, तोंडाला मास्क लावून, तेही गरजेपुरतीच. फवारणीनंतर मावशींनी दोन दिवस शेवंतीत पाय ठेवायचा नाही, म्हणजे तोडा आधी उरकायचा. मी त्या संध्याकाळी ॲपमधला माझा प्रश्न खोडला आणि दोन लिहिले. आज छातीचा निळा पंप किती वेळा घेतला? आज रानात किती पंप मारले, आणि कुणी? तो 'कुणी' मी मुद्दाम घातला. पदर सारखा करणं फाइलमध्ये लिहिता येत नाही, पण विचारता येतं.

त्या महिन्यात एकच लाल दिवस आला, तोही पाहुण्यांच्या घरी चुलीपुढे बसल्यामुळे, आणि त्याखाली मावशींनी तसं लिहूनही पाठवलं. पांढरी गोळी लागली नाही.

दौंडच्या एका डॉक्टरांनी मॅडमकडे आमचे प्रश्न मागितले. मॅडम मला सोबत घेऊन गेल्या. पाच-सहा डॉक्टर, चहा, एक लांब टेबल. मॅडम म्हणाल्या, "हीच सांगेल." मला पूर्वीसारखं दारातून निघून जावंसं वाटलं, पण मी उभी राहिले आणि विचारलं, "तुमच्याकडे पंप म्हणजे काय?" एक जण म्हणाले इनहेलर. दुसरे, ज्यांची स्वतःची शेती होती, ते कपाळावर हात मारून हसायला लागले. पुढचं सोपं होतं.

दसऱ्याच्या आधी मावशींनी मला शेवंतीत बोलावलं. मी पहिल्यांदाच तिथे गेले. पिवळं एवढं होतं की डोळे बारीक करावे लागत होते. मावशी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून आल्या, बोलतच आल्या, वाक्याच्या मध्ये कुठे थांबल्या नाहीत. टोपली उतरवून त्यांनी फुंकणी काढली आणि माझ्यासमोर फुंकली. काटा आजवरच्या कुठल्याही हिरव्याच्या पुढे गेला.

"लिवा," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच लिहा," मी म्हणाले.

त्या लिहीत असताना शेजारच्या रानातून आबांचा आवाज आला. तिकडे कुणीतरी वांग्यांना फवारत होतं. "अगं ए, वारं हिकडं फिरलंय! हो घरात! त्या ताईलाबी ने!"

"आले की आबा!" मावशी ओरडल्या, एका दमात, रानाच्या या टोकापासून त्या टोकाला ऐकू जाईल अशा. मग टोपली परत डोक्यावर घेतली आणि माझ्या पुढे चालायला लागल्या. त्यांना गाठताना मला धाप लागली.