पाठमोरे पुडे

सकाळी चहाचं आधण ठेवलं की थोरली जाऊ स्वयंपाकघराच्या फळीवरचे सगळे पुडे पाठमोरे करून ठेवायची. चित्रं भिंतीकडे, बारीक अक्षरं आपल्याकडे. मग धाकटी आंघोळ करून यायची आणि ते एकेक करून पुन्हा सुलटे करायची. तेवीस वर्षं हे चाललं होतं, आणि याबद्दल दोघी एकमेकींशी कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. एकाच शेगडीवर रांधणाऱ्या त्या दोघींमध्ये विस्तव म्हणून जात नव्हता.

थोरली लवकर विधवा झाली होती. अन्नाचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं नोकरी करून ती निवृत्त झाली. तिथलं आम्ल तिच्या जिभेला लागलंय, असं धाकटीचं मत होतं. धाकटीच्या हातच्या कुठल्याही पदार्थाला तिनं कधी चांगलं म्हटलं नाही. ‘खाण्याजोगं आहे’ हा तिचा सगळ्यात वरचा शेरा.

धाकटीला नऊ वर्षांपासून मधुमेह होता. नवऱ्यानं एका नव्या बिस्किटांची एजन्सी घेतली आणि खोकी घरात येऊन पडली. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘साखर शून्य’. धाकटीला वाटलं, देवच पावला. सकाळी चार, दुपारी चार, संध्याकाळी मोजायची नाहीच. दोन महिन्यांत रक्तातली साखर एकशे तीसवरून दोनशेच्या घरात गेली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात हाच आकडा आला तर इंजेक्शन. धाकटीनं आईच्या टोचून टोचून निळ्या पडलेल्या मांड्या पाहिल्या होत्या. ती घरी आली आणि भीती घालवायला दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

त्या आठवड्यात थोरलीनं कंपनीची वेबसाइट छापून आणली. लाल पेन्सिलीनं एकेक दावा अधोरेखित करून तिनं शेजारी एकच शब्द लिहिला होता : कुठे? जेवायला बसल्यावर तिनं ते कागद दिरासमोर ठेवले.

“भाऊजी, हे वाचलंत कधी?”

“मी विकतो, वहिनी. वाचायचं काम गिऱ्हाइकाचं.”

“मग ऐका. ‘डॉक्टरांची पसंती’. कुठले डॉक्टर? नाव नाही, नुसता पांढरा कोट आहे. ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास’. कंपनी सात वर्षांची. ‘साखर शून्य’. आणि हे बघा, पानाच्या अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, फळांच्या रसाचा आटवलेला पाक. साखर नाही म्हणे. साखरेची मावशी आहे.”

“माझ्या तोंडात काय जातं त्यावरही आता तुमची पाळत का, ताई?” धाकटीनं विचारलं.

“आकडा तुझा चढतोय. माझा नाही.”

दिरानं शांतपणे हात पुसले. फोन काढला, वेबसाइट उघडली आणि ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ या शब्दांवर बोट दाबलं. अहवालाचं चित्र उघडलं. गोल शिक्का, खाली ‘नमुना समाधानकारक’, आणि त्याखाली सही.

“सही कुणाची ते बघा,” तो म्हणाला. “चष्मा आणून देऊ?”

थोरलीनं फोन जवळ घेऊन पाहिला. “माझीच आहे. नोकरीतली,” ती म्हणाली. ताट तसंच ठेवून ती उठली. धाकटीला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच ही बाई तोंडघशी पडली होती. दुसऱ्या दिवशी तिनं थोरलीसमोर बसून सहा बिस्किटं खाल्ली आणि म्हणाली, “तुमच्याच सहीची आहेत.”

थोरलीनं अहवालावरचा नमुना क्रमांक तळहातावर लिहून घेतला आणि चपला घातल्या. जुन्या प्रयोगशाळेत जाऊन दुपारी परतली तेव्हा तिच्या हातात दोन झेरॉक्स होत्या. त्या तिनं दिराला दाखवल्या नाहीत. ओट्यावर धाकटीपुढे ठेवल्या.

“वेबसाइटवर आहे ते दुसरं पान. हे पहिलं.”

धाकटीनं वाचलं. ओलावा. राख. तेलाचा खवटपणा. तिनं पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. “साखर कुठाय?”

“नाही. कंपनीनं ती तपासायला सांगितलीच नव्हती.” थोरली स्टुलावर बसली. “माझंही चुकलंच. चाचण्या पहिल्या पानावर, सही दुसऱ्या. हाताखालची मुलगी म्हणायची, सहीच्या पानावरही चाचण्या लिहू या. मी म्हटलं, पहिलं वाचल्याशिवाय दुसऱ्या पानावर कोण जाईल?”

“सगळं जग जातं,” धाकटी म्हणाली.

“हो. कळलं आता.”

धाकटीनं उघडं खोकं उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं. थोरलीकडे तिनं पाहिलंही नाही.

थोरलीनं अन्न विभागाला तक्रार लिहिली. दोन्ही पानं जोडली, स्वतःची चूकही लपवली नाही. दिराला कळलं तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला, “वहिनी, घरच्याच माणसाच्या पोटावर पाय दिलात.”

“बायकोच्या पोटात काय जातंय ते आधी बघा.”

दोन महिन्यांत वेबसाइटवरून तो अहवाल गेला, ‘साखर शून्य’ गेलं, आणि दिराची एजन्सीही गेली. त्यानंतर तो थोरलीशी बोलला नाही. आपलं ताट बाहेरच्या खोलीत नेऊन जेवू लागला. धाकटीचा आकडा मात्र उतरला. इंजेक्शन टळलं. तिनं आभार मानले नाहीत. नवऱ्याचा घुस्सा तिलाच सोसावा लागत होता, आणि त्याचा राग ती थोरलीवरच काढायची. आमटीत मीठ जास्त, तर थोरलीमुळे. दार करकरतं, तेही थोरलीमुळेच.

थोरलीनं बदल्यात एकच गोष्ट लावून धरली. रोज दुपारी, जेवणानंतर बरोबर दोन तासांनी, ती आतल्या खोलीतून आकडा विचारायची. धाकटी बोट टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घेऊन मशीनवर बघायची आणि दगड भिरकावल्यासारखा आकडा तिच्याकडे फेकायची. चार वर्षं हे असंच. ज्या दिवशी संध्याकाळी थोरली झोपेतच गेली, त्या दिवशी दुपारीही तेच झालं.

“किती आला?” आतून आवाज आला.

“एकशे अडतीस. झालं समाधान?”

“पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघ आधी. मग सांग आकडा.”