फ्रॉकची टाचणी

आमचं सोनपेठला किराणा दुकान. दिवाळी तोंडावर आली की नवऱ्याला धड जेवायलाही सवड नसते, म्हणून कपड्यांच्या खरेदीला परभणीला आम्ही दोघीच निघालो. मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. सोबत माझी मुलगी, नुकतीच रांगायला लागलेली. अंगावर पिणारं लेकरू, मागे ठेवायचा प्रश्नच नव्हता.

एसटीत ती सगळा रस्ता झोपली आणि बाजारात पाय टाकल्या टाकल्या उठली. रस्त्यात आकाशकंदील, रांगोळीचे ढीग, गाड्यांचे हॉर्न. तिला काय काय बघू असं झालं होतं. पदराआडून मान बाहेर काढून ती बघत होती, आणि मी तिच्या डोक्याला कुणाचा कोपर लागू नये म्हणून हात धरून चालत होते. कापडाच्या दुकानात शिरलो तेव्हा माझा खांदा भरून आला होता. वरच्या मजल्यावर पांढऱ्या खोळीच्या गाद्या अंथरलेल्या. आत्यांनी तिला माझ्याकडून घेतलं आणि मांडीवर बसवलं. म्हणाल्या, आता तू निवांत बघ.

साड्या झाल्या. मग लेकराचा पहिल्या दिवाळीचा फ्रॉक. दुकानदार पुठ्ठ्यावर लावलेले फ्रॉक एकेक सोडवून आमच्यापुढे पसरत होता. टाचण्या काढून तो बाजूच्या डबीच्या झाकणात टाकत होता, पण गिऱ्हाईक एवढं की त्याचं एक लक्ष आमच्याकडे, एक जिन्याकडे. आत्यांनी अबोली रंगाचा एक फ्रॉक उजेडात धरला, शिवण उलटून बघितली. तेवढ्यात मुलगी मांडीवरून घसरून गादीवर उतरली. ते मीही बघितलं. तिथेच तर आहे, म्हणून काही बोलले नाही.

आधी खोकल्याचा आवाज आला, मग आवाजच येईना. तिचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, तोंड उघडं. मी तिला उचलून पालथी धरली, पाठीवर थापट्या मारल्या. तिने एक मोठी उबळ काढली आणि रडायला लागली. रडली म्हणून माझा जीव भांड्यात पडला. पण ओठावरच्या लाळेत रक्ताचा बारीक धागा होता, आणि मुठीत एक टाचणी. मी मूठ उघडून ती काढून घेतली.

हातात एक होती. तोंडात दुसरी गेली की नाही, हे कुणालाच सांगता येईना.

दुकानदाराने सगळं थांबवलं. गादीची खोळ झटकली, फ्रॉक झटकले, खाली बसून हाताने जमीन चाचपली. मी मोबाईलच्या उजेडात तिच्या घशात बघायचा प्रयत्न केला, पण ती तोंड मिटून घेत होती. कुणी केळं द्या म्हणालं, कुणी पाणी पाजा म्हणालं. आत्या मात्र हलल्या नव्हत्या. फ्रॉक अजून त्यांच्या हातातच होता. मी म्हणाले, आत्या, चला. तेव्हा त्या उठल्या. दुकानदाराने स्वतः खाली येऊन रिक्षा बघून दिली.

मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काही खायला-प्यायला देऊ नका म्हणून सांगितलं आणि एक्स-रे काढायला पाठवलं. ती भुकेने माझ्या छातीशी तोंड घासत होती आणि मला तिला पाजता येत नव्हतं. एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी अंगावरचं सगळं काढायला लावलं. वाळे, करदोडा, आणि गळ्यातली चांदीची डबीही. त्या डबीत तिचं इष्टलिंग होतं. आम्हा लिंगायतांत ते बाळपणीच गळ्यात घालतात आणि अंगावेगळं करत नाहीत. त्या बाईंना हे माहीत नसावं. मी आत्यांकडे बघितलं. त्या क्षणभर थांबल्या, मग स्वतःच पुढे झाल्या, दोरा तिच्या डोक्यावरून काढला आणि डबी मुठीत घट्ट धरली. मी तिचे हात धरले, आत्यांनी पाय.

फोटोत टाचणी दिसली. पोटात, आडवी, अगदी स्पष्ट. घरात पडली असती तर नजरेलाही आली नसती, तिथे मात्र ती सोडून दुसरं काही दिसतच नव्हतं.

डॉक्टरांनी नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं. मग आम्हाला समजावलं की टाचणीचं डोकं बोथट असतं, ती पुढे सरकते आणि बहुतेक वेळा शीवाटे बाहेर पडते. ताप, उलटी, पोट फुगणं किंवा शीमध्ये रक्त, यातलं काही दिसलं तर लगेच पोट उघडावं लागेल. ती खाली सरकेपर्यंत इथेच राहायचं. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात.

संध्याकाळी नवरा मोटारसायकलवर आला. मुलगी तोवर माझ्या अंगावर पिऊन शांत झाली होती, त्याला बघून हसलीसुद्धा. त्याने तिला घेतलं आणि विचारलं, कुणाजवळ होती? मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलल्या.

“माज्या मांडीवर होती.”

 आत्या खाली बघत होत्या. दुकानातून निघाल्यापासून मला त्यांना एकच गोष्ट विचारायची होती, तुमचं लक्ष कुठं होतं, आणि ती त्यांनाही ठाऊक होती. पण त्यांना तसं बसलेलं बघून मला ती विचारवेना.

“आमी दोघी बी तिथंच होतो,” मी म्हणाले. “मी बी बघायलेच होते तिला.”

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत टाचणी खाली सरकलेली होती, पुन्हा काढला तेव्हा आणखी खाली. पोट मऊ होतं, ताप नव्हता. डॉक्टरांनी तीच लक्षणं पुन्हा बजावून आम्हाला घरी सोडलं. गावात घरोघर चकल्या तळल्याचा वास सुटला होता. आमच्या घरी चूल फक्त जेवणापुरती पेटत होती. लंगोट खराब झाला की आत्या मला हात लावू देत नसत. मागच्या अंगणात पाण्याचं घमेलं घेऊन बसायच्या आणि बोटांनी चाचपून बघायच्या. मी दारात उभी राहायचे. त्या मान हलवायच्या, की मी पुन्हा आत जाऊन लेकराच्या पोटावर हात ठेवायचे.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्यांनी मला हाक मारली, पण हळू. मी गेले तर त्यांच्या ओल्या तळव्यावर ती होती, काळी पडलेली.

“निघाली गं बाई,” त्या म्हणाल्या आणि तिथेच घमेल्याशेजारी बसून राहिल्या. सकाळची अंघोळ-पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्या दिवशी अंघोळ, पूजा, सगळं उन्हं वर आल्यावर झालं.

मी नवऱ्याला दुकानात फोन लावला. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं, मागून कुणीतरी रवा मागत होतं. मी सांगितलं.  रवा मागणाऱ्याने पुन्हा हाक मारली. “थांब जरा,” तो म्हणाला, आणि ते मला म्हणाला की त्याला, ते कळलं नाही. मी फोन कानाला लावून थांबले. पलीकडून त्याने नाक ओढल्याचा आवाज आला.