खोकणाऱ्यांनी लांब बसावे

समस्त आप्तेष्ट, सोयरे आणि दाराआडून कान लावणारे शेजारी यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, साखरा गावची शोभा, जी पुण्याला जाऊन सहा महिन्यांत मरणार होती, ती मेलेली नाही. वजन साठ किलो आहे. रडायची तयारी करून बसलेल्यांची गैरसोय झाली, त्याबद्दल क्षमस्व.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी निघाले. ट्रक चालवणारा नवरा खंगून गेला, आणि मग माझ्याही रक्तात एचआयव्ही निघाला. हिंगोलीच्या स्टँडवर वहिनीने भाकऱ्यांचा डबा दिला आणि गोड आवाजात म्हणाली, "ताई, डबा परत आणायची तकलीफ नका घेऊ." बाबा एसटीच्या चाकाकडे बघत उभे राहिले.

हेच बाबा आम्हाला लहानपणी सांगायचे, "तहानेनं जीव गेला तरी चालंल, पण वेगळा कप घ्यायचा न्हाई." त्यांच्या तरुणपणी गावातल्या हॉटेलात आमच्या वस्तीसाठी एक फुटका कप वळचणीला खोचलेला असे. बाबांनी तो कधी तोंडाला लावला नाही.

पुण्यात मी शिवणकामाची ओव्हरलॉक मशीन शिकले, ओपीडीची रांग शिकले, काउंट म्हणजे रक्तातल्या लढाऊ पेशींची मोजणी, ते शिकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा विषाणू फक्त कुंपण पाडतो. मग ज्याचं त्याचं जनावर आत शिरतं. टीबी, न्यूमोनिया, तोंडातली पांढरी बुरशी." भिंतीवरच्या तक्त्यात त्यांना 'संधिसाधू संसर्ग' म्हटलं होतं. वाचून मला आमच्याकडचे दोन-तीन पुढारी आठवले आणि मी रांगेत एकटीच हसले.

चार वर्षांनी गावी गेले तेव्हा काउंट दीडशेवर घसरला होता. एचआयव्हीवरची औषधं परवडत नव्हती. न्यूमोनिया टाळायची गोळी तेवढी रोज घ्यायचे. बाईंनी बजावलं होतं, जुना खोकला असलेल्या माणसाजवळ बंद खोलीत बसू नका.

घरात पाऊल टाकलं तर वहिनीने पाणी दिलं ते बुडाला लाल नेलपॉलिशची खूण केलेल्या गिलासात. खाटेवर बाबा खोकत होते. त्यांनी ती खूण पाहिली आणि मान खाली घातली.

"बाबा, किती दिस झाले खोकला?"

"दोनेक महिने. बिडीचा हाय."

मी गिलास खाली ठेवला, खुर्ची उचलली आणि थेट अंगणात लिंबाखाली मांडली. तिथून नाटकातल्या राणीसारखा आवाज लावला, "वहिनी, माझ्या उष्ट्यानं तुमाला काही व्हत न्हाई. पण बाबांच्या खोकल्यात टीबी असंल, तर मी परत पुण्याला जात न्हाई. इथंच जाळा मला!"

बाबा दुखावले. "बापापासून लांब बसून राहिलीस? काहून?"

"जगायचं हाय म्हणून. उद्या बेडका तपासायला चला, न्हाई तर मी आत्ताच निघते."

भाऊ कुजबुजला, "हळू बोल. दवाखान्यात गेलं की लोक म्हंतात, यालाबी तोच रोग."

बाबा उठले. तो खुणेचा गिलास त्यांनी उचलला, भावासमोर, वहिनीसमोर घटाघटा पाणी प्यायले. मग म्हणाले, "पहिली गाडी कितीची हाय?"

टीबीच निघाला. त्यांनी सहा महिने गोळ्या घेतल्या, न चुकता. मी तेव्हा आठवडाभर अंगणातच झोपले, मच्छरांना पुण्याच्या गोष्टी सांगत. पुढे फुकट औषधं सुरू झाली, काउंट चढला, मी अंगानं सुटले.

गाव सोडून गेलेल्या माझ्यासारख्या बायांनो, घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी मागच्या खेपेची गोष्ट सांगते. शेजारचे तात्या खोकत खोकत मला बघायला आले. माझा काउंट आता उत्तम आहे, हे बाबांना शंभरदा सांगून झालंय. तरी ते काठी आडवी धरून दारात उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "तात्या, तिथंच थांब अन् तोंड झाक आधी! माझी लेक आली हाय, तुमा लोकांपासून जपावं लागतंय तिला!"