पॅच चालला की बाबांचा कॉल अडायचा

दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासणं हा माझ्या नोकरीचा एक भाग आहे. अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याच्या अलीकडे आमचं ऑफिस. आम्ही जे सॉफ्टवेअर वापरतो त्यातलं बरंचसं जगभरातले लोक हौसेने, फुकटात लिहितात. कुणी त्यात काही सुधारणा करून पाठवली की तिला पॅच म्हणतात. तो पॅच आणखी कुणीतरी वाचून, चालवून बघून, ‘तपासला, ठीक आहे’ असं म्हणावं लागतं. आधी हे बघणारा माणूस नोकरी सोडून गेला, आणि त्याची कामं वाटली त्या मीटिंगला मी हजर होते, एवढीच माझी पात्रता.

वाट्याला आला नेटवर्कवरच्या गर्दीचा भाग. एखादी फाइल पाठवताना तिचे बारीक तुकडे करतात, ती पॅकेटं. ती किती वेगाने सोडायची हे पाठवणारं मशीन स्वतःच ठरवतं, पण पुढची वाट त्याला दिसत नसते. समोरून पोच उशिरा यायला लागली, किंवा आलीच नाही, की त्याने अंदाज बांधायचा की पुढे गर्दी असणार, आपण हळू व्हावं. सगळा कारभार अंदाजाचा. तू नेमकं काय करतेस असं कुणी विचारलं की मी साकीनाक्याच्या ट्रॅफिकचं उदाहरण देते, आणि देतानाच मला कळतं की ते चुकीचं आहे. साकीनाक्याला स्वतःहून कुणी हळू होत नाही.

तर एक पॅच आला. पाठवणाऱ्याने नावाऐवजी नुसती आद्याक्षरं लिहिली होती. त्याचं म्हणणं असं, की वायफायवर पॅकेट हरवतं ते दरवेळी गर्दीमुळे नाही. मधे भिंत येते, कुणी मायक्रोवेव्ह लावतं. जुना कोड मात्र प्रत्येक वेळी घाबरून वेग निम्म्यावर आणतो. म्हणून पॅकेट हरवलं तर आधी पोच यायला किती वेळ लागतोय ते बघा. हे कनेक्शन सुरू झाल्यापासून सगळ्यात लवकर पोच आली होती, तितक्याच वेळात आताही येत असेल, तर गर्दी नाही. हळू व्हायचं कारण नाही.

वाचायला शहाणपणाचं होतं. मी तो पॅच ऑफिसात वाचला, घरी वाचला, प्रिंट काढून डब्याबरोबर ठेवून वाचला. ओळ न् ओळ कळत होती आणि एकूण काय होतंय ते कळत नव्हतं. चुकलेलं काही सापडत नव्हतं, पण बरोबर आहे असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. आमचा टीम लीड माझ्यापेक्षा लहान आहे. तो म्हणाला, “अगं, टेस्ट सगळ्या पास आहेत ना? मग ओके करून टाक. तुला काय खटकतंय ते तरी सांग.” तेच तर मला सांगता येत नव्हतं.

मी लेखकाला प्रश्न पाठवत राहिले. उत्तरं फार सभ्य, एकही चूक नसलेल्या इंग्रजीत यायची. थंड देशातला कुणी उंच, तरुण माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता. प्रत्येक उत्तराने माझा एक प्रश्न सुटायचा आणि दुसरा तयार व्हायचा. हा पत्रव्यवहार वाचणाऱ्या बाहेरच्या लोकांना वाटायला लागलं की ही बाई फार खोलात शिरून तपासते. हे फुकटातलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रकल्पाचा प्रमुख परदेशात असतो. त्याने तर माझ्या काटेकोरपणाबद्दल आभारही मानले. मला लाज वाटली, आणि खुलासा कसा करायचा तेही सुचेना.

त्या काळात आठवड्यातले काही दिवस मी मुलुंडच्या घरून काम करायचे. घरी सासरे असतात. मी त्यांना बाबा म्हणते. ते तरुणपणी गिरणीत होते. ती बंद पडल्यावर साकीनाक्याला एका लेथच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. जेवण झालं की बाबा टॅबलेट घेऊन गॅलरीतल्या खुर्चीत बसतात आणि गावाला, कुडाळजवळ, त्यांच्या धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावतात. आत्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून दोघंही ओरडून बोलतात. फणसाला किती फळं धरलीत इथपासून कुणाच्या सुनेने काय केलं इथपर्यंत सगळं मला आत बसून कळतं.

मी आतल्या खोलीत दोन लॅपटॉप लावून, मोठ्या फाइली पाठवत पॅच चालवून बघत होते, तेव्हा बाबांचा कॉल अडायला लागला. चित्र थिजायचं, आवाज तुटायचा. तिकडून आत्यांचं ऐकू यायचं, “दादा, तुझा तोंड दिसता, पण आवाज येना नाय.” बाबा टॅबलेट वर धरायचे, खिडकीतून बाहेर धरायचे, पुन्हा लावायचे.

आधी मी टॅबलेटला दोष दिला. मग केबलवाल्याला बोलावलं. त्याने राउटरचा डबा बदलला, वायर ओढून बघितली, आणि सोसायटीत सगळीकडे छान चालतंय असं सांगून गेला. बाबांच्या मते गावचा टॉवर बिघडला होता. आत्यांच्या मते मुंबईत हल्ली काहीच धड चालत नाही. दोन दिवस कॉल झकास चालला. पुढच्या दुपारी पुन्हा तेच.

मग कधीतरी माझ्या लक्षात आलं, की कॉल अडतो तेव्हा आत माझ्याकडे पॅच चालू असतो. हे सुचल्यावर मला बरंच वाटलं, कारण शेवटी हातात काहीतरी आलं होतं. पण पॅच चालू असूनही कॉल नीट चालला असंही व्हायचं. त्या ‘कधी कधी’ने माझं डोकं पार पिकवलं. मी दोन्ही लॅपटॉपांची अदलाबदल केली, राउटर दुसऱ्या कपाटावर ठेवला. हाती काही लागलं नाही. शेवटी लेखकाला कळवलं, की तुमचा पॅच चालवला की घरातला दुसरा कॉल अडतो, कधी कधी. त्याने सभ्यपणे लिहिलं, की ‘कधी कधी’ हे मोजमाप होत नाही. ते खरंच होतं.

त्यानंतरच्या मेलमध्ये मात्र त्याने लिहिलं होतं, की पुढचं उत्तर द्यायला उशीर होईल, गणपतीला गावी चाललोय आणि तिथे रेंज नसते. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग त्याच्या खाली मराठीत लिहिलं, ‘आपण कुठले?’

ते बोरिवलीचे निघाले. एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे, निवृत्तीला आलेले सर. इतके महिने आम्ही एकाच शहराच्या दोन टोकांना बसून एकमेकांशी इंग्रजीत ‘अत्यंत आदरपूर्वक असहमत’ होत होतो. मराठीत आल्यावर सर एकदम मोकळे झाले. त्यांच्या पहिल्याच ओळीत होतं, “मॅडम, तुमच्या घरच्या लाइनीचा प्रॉब्लेम आहे, माझ्या कोडचा नाही.” मी लिहिलं, “मग येऊन बघा ना सर.” ते येतील असं मला वाटलं नव्हतं.

गणपती झाल्यावर एका रविवारी ते आले. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, पाठीला विद्यार्थ्यांसारखी सॅक. पाहुणे येणार म्हणून बाबांनी टॅबलेट बंद करून ठेवला होता आणि नेहमीच्या बनियनवर शर्ट चढवला होता. सरांनी चहा नंतर घेऊ म्हणत आतल्या खोलीत लॅपटॉप मांडला, पॅच सुरू केला. मी बाबांना म्हटलं, आता लावा कॉल. बाबांनी लावला. कॉल सुंदर चालला. आत्यांच्या मागच्या भिंतीवरची पाल दिसत होती इतका स्वच्छ.

सर पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, मला तर काही दिसत नाही.”

मला कानकोंडं झालं. रविवारचा माणूस बोरिवलीहून बोलावून आणलेला, आणि दाखवायला काही नाही. मी सारवासारव करत कांदेपोहे पुढे केले. सरांनी लॅपटॉपवरचा पॅच थांबवला. बाबा आणि ते गावाकडच्या गोष्टी बोलायला लागले. दोघांची गावं एका घाटाच्या अल्याडपल्याड निघाली. आत्या कॉलवरच होत्या. त्यांना नवा माणूस दिसल्यावर त्या कॉल ठेवायलाच तयार नव्हत्या, सरांचं मूळ घर कुठलं ते विचारत होत्या.

पोहे संपवून सर आत गेले. जाण्याआधी एकदा शेवटचं चालवून बघतो म्हणाले आणि पॅच पुन्हा सुरू केला. बाहेर आत्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. तोंड उघडं, हात वर, चित्र थिजलेलं.

सर धावत बाहेर आले. मीही उभी. आम्ही दोघं त्या थिजलेल्या आत्यांकडे बघत होतो आणि बाबा आम्हा दोघांकडे. सरांनी आत जाऊन पॅच बंद केला. आत्या हलायला लागल्या. चालू केला, थांबल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण तासाभरापूर्वी हेच सगळं नीट चाललं होतं आणि आता का नाही ते मला अजूनही सांगता येत नव्हतं.

सर खुर्चीत बसले. “खरं सांगू का,” ते म्हणाले, “कॉलेजच्या लॅबमध्ये सुट्टीच्या दिवशी मी एकटाच असतो लाइनीवर. दुसरं कुणी असलं तर काय होतं, ते मी कधी बघितलंच नाही.” मग म्हणाले, “आणि हा पॅच इतका चांगला का चालतो, ते मलाही पूर्ण कळलेलं नाही. तुम्ही प्रश्न विचारायचात, तेव्हा मला वाटायचं तुम्हाला कळलंय.”

मी म्हटलं, “सर, मला वाटायचं तुम्हाला.”

ते हसले नाहीत. मीही नाही. आम्ही सकाळपासून काय काय झालं ते क्रमाने आठवायला लागलो. मगाशी पॅच आधी सुरू झाला होता, बाबांचा कॉल नंतर. आता कॉल आधीपासून चालू होता, पॅच नंतर आला. फरक एवढाच. माझ्या आतापर्यंतच्या दुपारीही तशाच गेल्या असणार. कधी मी जेवणाआधी बसले असेन, कधी जेवल्यावर. आम्ही पुन्हा दोन्ही प्रकारे करून बघितलं, आणि दोन्ही वेळा तसंच झालं.

मग आकडे उघडले आणि त्यात ते दिसलं. पॅच मोकळ्या लाइनीवर सुरू झाला, तर सगळ्यात लवकरची पोच म्हणजे काय ते त्याला खरं कळायचं, आणि पुढे बाबांचा कॉल आला की पोच लांबलेली दिसून तो हळू व्हायचा. पण कॉल आधीच चालू असताना तो आला, तर आमच्या घरची अरुंद लाइन तेव्हाच भरलेली असायची. पोच उशिराच यायची. या बिचाऱ्याने मोकळी लाइन कधी बघितलेलीच नव्हती, त्यामुळे ती उशिराची पोच हेच त्याचं नॉर्मल. मग पॅकेट हरवलं तरी त्याला गर्दी दिसायचीच नाही. तो सोडत राहायचा, आणि शहाण्यासारखा हळू होणारा बाबांचा कॉल मागे सरत सरत थांबायचा.

इतके महिने एकूण काय होतंय ते मला कळत नव्हतं, ते असं एका दुपारी कळलं. पण ते समाधान संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. सर म्हणाले, उपाय आहे: अधूनमधून क्षणभर पाठवणं कमी करायचं, लाइन रिकामी होऊ द्यायची, आणि पुन्हा मोजायचं. मी म्हटलं, बरोबर. मग मला वाटलं, पण लाइनीवर असे खूप जण असले, आणि प्रत्येक जण वेगवेगळ्या वेळी थांबला, तर ती रिकामी होणार कधी? हे मी बोलले. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “हे मला घरी जाऊन बघावं लागेल.” बाबांनी त्यांना रिक्षापर्यंत सोडलं.

सरांनी नवा पॅच पाठवला, त्यात थांबून मोजण्याचा भाग होता. सोबत त्यांनी जुन्या पॅचची चूक स्वच्छ लिहिली होती, मुलुंडच्या घरातल्या प्रयोगासकट. प्रकल्पाच्या प्रमुखाने उत्तरात नेमका तोच प्रश्न विचारला, की अनेक जण असतील तर काय. आम्ही दोघांनी बरेच दिवस त्यावर डोकेफोड केली, फोनवर भांडलोसुद्धा. लॅबमध्ये सरांनी वेगवेगळ्या वेळी मशीनं सुरू करून बघितली. बहुतेक वेळा सगळं ठीक चालायचं. कधी कधी नाही, आणि ते का नाही हे आम्हाला धड मांडता आलं नाही.

शेवटी तो पॅच घेतला गेला, पण आपोआप चालू होणार नाही या अटीवर. ज्याला हवा त्याने मुद्दाम चालू करायचा. तपासणारी म्हणून त्याखाली माझं नाव आहे. मी टिपणीत लिहिलं, की एका घरातल्या दोन कनेक्शनांसाठी हे कसं चालतं ते मी बघितलंय, त्यापुढे काय होतं ते मला माहीत नाही. टीम लीड म्हणाला, असं कुणी लिहितं का? तपासणाऱ्याने एक तर हो म्हणायचं, नाही तर नाही. मला त्याचं पटतही होतं. पण दुसरं काय लिहायचं ते मला सुचलं नाही, आणि ती टिपणी काढून टाका असं कुणी सांगितलंही नाही.

बाबांचा कॉल आता चालतो. मी टेस्ट करायला बसण्याआधी त्यांना सांगते आणि ते मान हलवतात. लाइनीचं त्यांना काही पडलेलं नाही, आत्या दिसल्या म्हणजे झालं. गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीच्या मशीनवर तोच पॅच अगदी रडत रडत चालतोय, लाइन पूर्ण मोकळी असताना. त्यांनी सगळं उलटंपालटं करून बघितलं होतं. आवाज दमलेला होता, पण त्यात उत्साहही होता. मी म्हटलं, आकडे पाठवा. ते आलेत. मी दोनदा वाचलेत, आणि अजून तरी मला त्यातलं काही कळलेलं नाही.