टायगरच्या आधी साहेब

टायगर टेबलाखाली होता आणि मी त्याच्यासमोर पालथा. माझ्या हातात ब्रश, त्याच्या तोंडात माझी बाही.

व्हेटर्नरी कॉलेजच्या सुट्टीत मी सिंदेवाहीच्या गुरांच्या दवाखान्यात शिकायला गेलो होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. डॉक्टरांच्या सहीचा दाखला मिळाला, तरच पुढचं वर्ष. टायगर हा जंगलखात्याच्या रेंजर साहेबांचा लांब केसांचा विलायती कुत्रा; साहेब स्वतः त्याला घेऊन आले होते. त्याच्या केसांच्या गाठी झाल्या होत्या. गाठींखाली हवा लागत नाही, गोचीड माजतात, कातडी सडते. पण ब्रश दिसला की तो थरथरायचा.

"आज गाठी निघाल्या नाहीत, तर दाखला विसर," म्हणून डॉक्टर बाहेर बैल तपासायला गेले.

पुस्तकात होतं, ब्रश आधी हुंगू द्यावा. मी दिला. टायगरने दांडा चावला.

दारात उभा शिपाई दसरूभाऊ म्हणाला, "बाबू, नवा गोऱ्हा नांगराले बिचकते, तवा तुमचा बाप का करते?"

"जुन्या बैलासोबत जुंपतो."

"मंग? याचा जुना बैल कोन?"

आम्ही दोघांनी एकदमच खुर्चीतल्या रेंजर साहेबांकडे पाहिलं. ते मिशी पिळत होते. त्यांना पाहून लाकूडतोडे वाट बदलत.

"साहेब," मी चाचरलो, "आपण जरा... टायगरशेजारी बसाल का?"

"कशाला?"

"आधी आपल्याला ब्रश करावा लागेल."

साहेबांनी टायगरकडे पाहिलं, टोपी काढली आणि खाली बसले. "हलक्या हाताने."

मी केस विंचरले, मग मिशी. दसरूभाऊ मागून "हो, हो, राजा" करत होता. कुणाला, ते मी विचारलं नाही. खिडकीत बैलवाले जमले.

"काऊन गा, साहेबाले बी गोचीड झाले का?"

टायगर हळूच बाहेर आला. साहेबांची मिशी हुंगली, ब्रश हुंगला आणि आडवा झाला. एक हात साहेबांना, एक टायगरला, असं करत दुपारपर्यंत सगळ्या गाठी निघाल्या.

डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली. "मध्ये मध्ये ब्रश धुतलास ना?"

मी दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली.

भितऱ्या जनावराला ओळखीच्याची सोबत द्यावी, हे मी तेव्हा शिकलो. ब्रश दोन ठेवावेत, हे पुढच्या सोमवारी. दोघे पुन्हा दवाखान्यात आले, तेव्हा टायगर शांत बसला होता. साहेब सारखं डोकं खाजवत होते.