ओस्वाल्दोची सही

ब्वेनोस आयरेसच्या मातादेरोस भागातल्या एका गल्लीत एल्विरा बुस्तोस खिडकीशी शिलाई मशीन मांडून बसे आणि अर्ध्या वस्तीच्या विजारी तिच्या हाताखालून जात. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं लग्न ठरलं, हे तिला घरच्यांच्या आधी कळायचं. घर भाड्याचं होतं. नवरा रामिरो त्याच घरात गेला, त्याने लावलेलं लिंबाचं झाड परसात होतं, आणि आपणही इथूनच जायचं असं तिने मनाशी धरलं होतं.

पण करार संपला की नवा करावा लागतो, आणि ब्वेनोस आयरेसमध्ये कराराला जामीन लागतो. तोही असातसा नाही, शहरात स्वतःच्या नावावर घर असलेला. एल्विराच्या सगळ्या गोतावळ्यात असा एकच होता, रामिरोचा थोरला भाऊ ओस्वाल्दो. सही करायला त्याने कधी नाही म्हटलं नाही. फक्त त्या सहीचा डंका तो पुढच्या करारापर्यंत वाजवत राहायचा. रविवारी सगळे त्याच्याकडे जेवायला जमले की निखाऱ्यावरचं मांस उलटता उलटता म्हणायचा, "खा, एल्विरा, पोटभर खा. छप्पर माझ्या जिवावर, मग जेवणाने काय घोडं मारलंय?" सगळे हसत. एल्विराही हसे. माझ्या मते तिने एकदा तरी ताट आपटायला हवं होतं, पण ते तिला परवडणारं नव्हतं.

यंदा करार संपत आला. "बाई, कागद तयार आहेत, दिरांची सही तेवढी आणा," मालक दॉन अनीबाल म्हणाला. एल्विराने नेहमीप्रमाणे पास्ताफ्रोला ही गोड टार्ट भाजली, वर मुरंबा जरा जास्तच थापला आणि ओस्वाल्दोकडे गेली.

त्या दिवशी त्याचा चष्मा सापडेना. पुढच्या खेपेला गुडघा दुखत होता. त्यानंतर मात्र तो खेकसलाच, "माझ्या सहीशिवाय तुला श्वास तरी घेता येतो का गं?"

एल्विराला रडूच फुटलं. "अरे, एवढं जिवावर आलं असेल तर नाही म्हण ना! मी काय तुझं घर उचलून नेणार आहे?"

ओस्वाल्दोने स्वयंपाकघराचं दार लोटलं. मातेचा कडू चहा करायला घेतला आणि गरम पाणी भांड्याबाहेरच ओतत राहिला.

"कुठलं घर?" तो म्हणाला. "विकलं. पोराच्या गॅरेजपायी. आता इथेच भाड्याने राहतो. माझी सुसाना आणि पोरगा सोडून कुणाला माहीत नाही."

एल्विराने त्याच्या हातातून किटली काढून घेतली. तोच घाईघाईने म्हणाला, "पण सही करतो ना! अनीबाल कुठे तपासतोय? जुन्या खरेदीखताची झेरॉक्स आहे त्याच्याकडे. तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं."

एल्विरा चालत घरी आली. तोंड मिटून घेतलं तर घर राहत होतं. पण रामिरो दवाखान्यात असताना हाच दॉन अनीबाल भाड्याचा शब्द न काढता रोज सूप पाठवायचा. त्याच्या हाती खोटा जामीन द्यायचा? खरं सांगितलं तर त्याने कदाचित तिला जामिनाशिवायही ठेवून घेतलं असतं. पण अनीबालच्या पोटात काही म्हणता काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं, आणि ओस्वाल्दोला मान वर करायला जागा उरली नसती. तिला त्याचा संताप येत होता आणि कीवही येत होती.

"करार नको," तिने दॉन अनीबालला सांगितलं. "एकटीला मोठं पडतं घर. बहिणीकडे जाते, शहराबाहेर मोरेनोला."

"दिरांनी नाही म्हटलं की काय?"

"छे हो! तो तर पेन घेऊन बसला होता."

मोरेनोला बहीण देणार त्या मागच्या खोलीला रस्त्यावर खिडकी नाही, मशीन मांडलं तरी गिऱ्हाईक दिसणार नाही, हे तिला माहीत होतं.

रविवारी ती परसातली लिंबं आणि पास्ताफ्रोला घेऊन ओस्वाल्दोकडे जेवायला गेली. ओस्वाल्दोच्या चुलतभावाला, तीतोला, चेष्टेची लहर आली. "काय रे ओस्वाल्दो, भावजयीला बाहेर काढलंस म्हणे? संपली का तुझी शाई?"

ओस्वाल्दोचा चिमटा मांसावरच थांबला. त्याने एल्विराकडे पाहिलं.

"तो कसला काढतोय!" एल्विरा म्हणाली. "मीच नको म्हटलं." आणि पास्ताफ्रोलाचा पहिला तुकडा तिने त्याच्या ताटात ठेवला.

"खा, एल्विरा, पोटभर..." ओस्वाल्दोने सवयीने सुरुवात केली, आणि पुढचं त्याला म्हणवेना. त्या रविवारी एल्विराला हसावं लागलं नाही. घर मात्र गेलं ते गेलंच.